तिच्या बांगड्यांचा हिशेब

निकाहाशिवाय एकत्र राहणे म्हणजे मोठ्या शहरातल्या फ्लॅटवाल्यांचे चाळे, असे आपल्या समाजात समजले जाते. मोहल्ल्यात मात्र वेगळेच दिसते. शिलाई करणारी, धुणीभांडी करणारी बाई पंधरा-पंधरा वर्षे एखाद्याचा संसार ओढते. निकाह झाला का, हे कुणी विचारत नाही, कारण ती कमावून आणते. तो मेला की चाळिसावा होण्याआधीच त्याच्या भावांना शरीयत आठवते. ‘ही कोण? निकाहनामा दाखव!’ (सख्ख्या बहिणींना कुरआनने सांगितलेला हिस्सा देताना याच भावांना शरीयत आठवत नाही, ते सोडा.)

ती वारस नाही, हे मला मान्य आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात मुस्लिम पुरुष व हिंदू स्त्री यांचा निकाह फासिद ठरवला. मुलाला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण अशा पत्नीला वारसाहक्क नाही असे सांगितले. फासिद निकाहाची ही गत, तर निकाहच नसलेलीने काय आशा धरावी? 2005 चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा विवाहासारख्या नात्यातल्या कोणत्याही धर्माच्या स्त्रीला घरात राहण्याचे संरक्षण देतो. घराची मालकी देत नाही.

पण वारसा वेगळा आणि तिचा स्वतःचा पैसा वेगळा. खोली घेताना तिच्या बांगड्या मोडल्या आणि कागद मात्र त्याच्या नावावर झाला, तर बेनामी व्यवहाराचा कायदा तिची वाट अडवतो. नवरा-बायकोला त्यात सूट आहे, हिला नाही. कायदा अडवतो म्हणून तो माल भावांना हलाल होतो काय? मयताचे कर्ज आधी फेडायचे, मगच वारसांचे हिस्से पाडायचे, हा नियम आपलाच आहे ना? तिचा गुनाह अल्लाह पाहील. बांगड्यांचा हिशेब भावांनी इथेच द्यावा.

आणि त्या पुरुषाचे काय? जी वारस नाही, तिच्या नावे कर्ज वगैरे फेडून उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते. त्यासाठी वारसांची परवानगी लागत नाही. हयातीत हिबा करून ताबा दिला, तर त्याहून जास्तही देता येते. शरीयतने ठेवलेला हा दरवाजा आहे. जुम्याचे बयान भोंग्यावरून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते. टीव्हीपासून लिपस्टिकपर्यंत सगळे ऐकून झाले. या एक तृतीयांशाबद्दल अजून एक शब्द ऐकलेला नाही.