रामन यांना दार उघडे मिळाले. आजच्या विद्यार्थ्यांना मिळते का?

1907 साली चंद्रशेखर वेंकट रामन कलकत्त्यात वित्त खात्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. संशोधनावर चरितार्थ चालवण्याची सोय त्या काळी देशात जवळजवळ नव्हतीच. त्याच शहरात महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये स्थापन केलेली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था होती. रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे प्रयोग करीत. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे बदल्या झाल्या, तरी कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी तो क्रम पुन्हा धरला. 1917 मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद स्वीकारले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

या कथेतून आपण रामन यांची प्रतिभा आणि चिकाटी तेवढी उचलतो. मात्र त्या निर्णयाआधी जवळपास दहा वर्षे त्यांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करून पाहता आले, ही बाब निसटते. त्यांनी करिअर ‘निवडले’ ते ते जगून पाहिल्यानंतर.

आज विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमांत देशभर लाखो विद्यार्थी आहेत. त्यांना आपण काय देतो? तिसऱ्या वर्षी एक करिअर मार्गदर्शन व्याख्यान आणि ‘कोणत्या क्षेत्रात स्कोप आहे?’ हा प्रश्न. हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. स्कोप बाजाराचा असतो आणि तो पाच वर्षांत पालटतो. आपण काय करताना कंटाळत नाही, कोणत्या अपयशानंतरही दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोगमेजाशी उभे राहतो, याचे उत्तर व्याख्यानात मिळत नाही. ते काम करूनच मिळते.

तशी दारे आहेतही. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. पण लाखोंच्या तुलनेत या जागा अत्यल्प आहेत आणि त्यांची वार्ता बहुधा नामांकित महाविद्यालयांपुरतीच फिरते. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीला ती कळते तेव्हा अर्जाची मुदत उलटून गेलेली असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या श्रेयांक आराखड्यात इंटर्नशिपला स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. मात्र शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणले की श्रेयांक पदरात, असे झाले तर ती आणखी एक औपचारिकता ठरेल. त्यासाठी माझ्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली, संशोधन संस्थांबरोबरच जिल्ह्यातील जलशुद्धीकरण केंद्र, मृद्‌परीक्षण प्रयोगशाळा, हवामान केंद्र, रुग्णालयाची तपासणी प्रयोगशाळा यांनाही अनुभवाची ठिकाणे मानावे. विज्ञान तिथेही रोज घडते आणि रोजगारही तिथे आहे.

दुसरी, एका तरी प्राध्यापकाच्या कार्यभारात या कामासाठी अधिकृत तास असावेत. उत्साही शिक्षकाच्या फावल्या वेळावर व्यवस्था उभी राहत नाही.

तिसरी, विद्यार्थ्यांना खरे सांगावे. जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा 37,000 रुपये आहे, पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात आणि त्यानंतर कायम पदाची हमी नसते. हे ऐकून जो मागे फिरेल, त्याची उमेदीची वर्षे वाचतील. जो तरीही पुढे जाईल, तो डोळसपणे जाईल. दोघांचाही त्यात लाभच आहे.

एखादे क्षेत्र अनुभवून ‘हे माझे नव्हे’ असे कळणे हे अपयश नव्हे. प्रयोगाचा नकारात्मक निष्कर्षही निष्कर्षच असतो. खेद आहे तो असा प्रयोग करण्याची संधीच न मिळण्याचा. घरची ऐपत बेताची असेल, तर चुकीची निवड दुरुस्त करायला दुसरी संधी क्वचितच मिळते. म्हणून ही चाचपणी श्रीमंतांची चैन न राहता प्रत्येक पदवीचा भाग झाली पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीपूर्वी एका तरी प्रयोगशाळेला पत्र लिहा. नकार आला तर दुसरीला लिहा. आणि शिक्षकहो, त्या पत्राखाली आपली शिफारस जोडायला विसरू नका.