कूलंट बदललं आणि गाडी तापली? पार्ट विकण्याआधी एअर काढा



नवीन जालन्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. उन्हाळा लागला की काउंटरवर एक ठरलेली मागणी येते. "काल कूलंट बदललं, आज गाडी तापतेय. थर्मोस्टॅट द्या." दोन दिवसांनी तोच माणूस रेडिएटरचं झाकण मागतो, आणि मग वॉटर पंप. पार्ट विकले तर माझाच गल्ला भरतो. तरी गॅरेज टाकायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: कालपर्यंत नीट चालणारी गाडी कूलंट बदलल्यावर तापली, तर आधी कालच्या कामावर संशय घ्या. पार्टवर नंतर.

कारण साधं आहे. जुनं कूलंट काढलं की त्याच्या जागी हवा शिरते. नवीन ओतताना ती सगळी आपोआप बाहेर येत नाही. इंजिनच्या वरच्या भागात, हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये ती अडकून बसते. वरून बघितलं तर टाकी भरलेली दिसते, आत मात्र पोकळी असते. आणखी एक धोका म्हणजे टेम्परेचर सेन्सर त्या पोकळीत सापडला तर काटा चुकीचं दाखवतो. इंजिन उकळत असतं आणि काटा मधेच उभा असतो. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका.

आता आपल्याकडची गंमत बघा. एअर राहिल्याची पहिली खूण म्हणजे इंजिन गरम होऊनही हीटर थंड हवा फेकतो. पण जालन्यात हीटर लावतो कोण? मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर असतो, त्यामुळे त्या बटणाला वर्षभर कुणी हात लावत नाही. ग्राहकाला ही खूण कधीच दिसणार नाही. ती मेकॅनिकनेच बघायची.

एअर काढायची पद्धत अवघड नाही. गाडीचं तोंड थोडं उंच करा, म्हणजे भरण्याची जागा सगळ्यात वर येईल. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, एसी बंद. एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरा आणि मग कसा. इंजिन थंड असतानाच झाकण उघडून गाडी चालू करा, वरचा पाइप अधूनमधून हाताने दाबा, पातळी उतरेल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाऊ शकते. भरून झाकण लावा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पातळी पुन्हा बघा. काही गाड्यांची पद्धत वेगळी असते, तिथे कंपनीचं मॅन्युअल बघा.

गरम गाडीचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. पाणी आणि कूलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण दाबाखाली जवळपास १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. फॅनचंही तसंच, इंजिन बंद असताना तो अचानक फिरू शकतो.

एवढं करूनही तापली तर क्रमाने जा. फॅन लागत नाही? काम करताना कनेक्टर निघून राहिलाय का बघा, मग फ्यूज, मग रिले. वरचा पाइप गरम, खालचा थंड? एअर एकदा पुन्हा काढा, तरी तसंच राहिलं तर थर्मोस्टॅट. पातळी रोज उतरतेय? झाकणाचं रबर, पाइपांच्या क्लिपा, पंपाखालची ओल तपासा. बुडबुडे थांबतच नाहीत? मग हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि लीक टेस्ट करा. या क्रमात पार्ट मागायला माझ्याकडे आलात, तर योग्य पार्टच न्याल.

भरताना दोन गोष्टी सांभाळा. बोअरचं पाणी वापरू नका. चहाच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. इन्व्हर्टरला घालतो तेच डिस्टिल्ड पाणी घ्या, आणि तेही फक्त कॉन्सन्ट्रेट असेल तर. रेडी-मिक्समध्ये पाणी घालायचंच नाही. दुसरं, रंग बघून कूलंट मिसळू नका. हिरवा, लाल हे फक्त रंग आहेत. आतलं रसायन वेगळं असू शकतं, म्हणून डब्यावरचा प्रकार वाचा. जुनं कूलंट नालीत सोडू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, कुत्रं सहज चाटतं.

आता धंद्याचं बोलू. तुम्ही म्हणाल, "शेजारचा वीस मिनिटांत करून देतो, माझ्याकडे कोण थांबेल?" पण नीट हिशेब करा. गाडी थंड व्हायला दोन तास लागतात, त्यात तुमचा हात किती अडकतो? जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात दुसरी गाडी होते. म्हणून अशी गाडी सकाळी घ्या आणि संध्याकाळी द्या. दर सांगतानाच "एअर काढून, थंड करून, पातळी तपासून" असं सांगा आणि त्याचे पैसे घ्या. जॉब कार्डवर किती लिटर निघालं, किती भरलं ते लिहा. भरलेलं कमी आलं, तर आत हवा आहे हे गाडी तापण्याआधीच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाला फोन करा: "गाडी सुरू करण्याआधी पातळी बघून सांगा."

हे आज जास्त महत्त्वाचं का? समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे आणि कारला १२० ची वेगमर्यादा आहे. गावात दोन किलोमीटर फिरताना लपलेली पोकळी तिथे तासभर पळाल्यावर उघडी पडते. भर उन्हात, लेकराबाळांसह, बोनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला कूलंटचा ब्रँड आठवत नाही. गॅरेजचं नाव मात्र पक्कं आठवतं.

वीस मिनिटांचं काम स्वस्त दिसतं, पण परत आलेली गाडी तुम्हाला फुकटात करून द्यावी लागते. जी परत येत नाही, तिचा मालक दुसरीकडे गेलेला असतो.