आवक क्रमांक नसलेले टपाल

उमेदवारीच्या दिवसांत आमच्या ऑफिसात विक्रीकर खात्याची नोटीस आली की ज्येष्ठ कारकून आधी आवक रजिस्टर उघडत. क्रमांक, तारीख, कोणाकडून, कशाबद्दल, मग पाकिटाच्या कोपऱ्यावर शिक्का. सगळ्यात शेवटी उजवीकडच्या रकान्यात लाल शाईने उत्तराची तारीख. एवढे झाल्याशिवाय कागद साहेबांच्या टेबलावर जात नसे. साहेब करवादायचे, कारकून ढिम्म. आज तीच नोटीस ई-मेलने येते. आपण ती रिक्षात किंवा लग्नाच्या पंगतीत अंगठ्याने उघडतो, 'रात्री बघू' म्हणतो आणि फोन खिशात टाकतो. ठळक अक्षरे साधी होतात. दोन दिवसांत जाहिराती आणि बँकेच्या संदेशांखाली ती नोटीस गडप होते.

आपल्या धंद्याला मेलचा कार्यक्रम म्हणजे आवक रजिस्टर आणि कॅलेंडर म्हणजे त्याचा लाल शाईचा रकाना. दोन्ही एकाच खिडकीत हवेत, आणि ती खिडकी ऑफिसच्या टेबलावरच्या संगणकात उघडी हवी. थंडरबर्ड असो वा आउटलुक, माझा भर नावावर नाही. फोन टपाल आल्याचे कळायला ठीक आहे, नोंदवायला नाही.

कायदा 'वाचले का' असे विचारत नाही, 'पोहोचले का' असे विचारतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम १३ सांगते की, संदेश घेण्यासाठी तुम्ही एखादी संगणक व्यवस्था नेमून दिली असेल, तर संदेश तिच्यात शिरला त्या क्षणी तो मिळाला. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १६९ नोंदणीत दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावणी मानते, आणि पोर्टलवर ठेवलेलीही. नोंदणी रद्द करण्याच्या आरईजी-१७ नोटिशीला उत्तर द्यायला कामाचे ७ दिवस मिळतात. आदेश कळवल्यापासून अपिलाला ३ महिने, आणि सबळ कारण दाखवले तर अपील अधिकारी वर १ महिना देऊ शकतो. नोटीस अशिलापर्यंत खरोखर पोहोचलीच नव्हती, अशा काही प्रकरणांत उच्च न्यायालयांनी दिलासा दिला आहे, हे खरे. पण त्यासाठी रिट करावी लागते, आणि तिचा खर्च ऐकल्यावर गावाकडचा किराणा दुकानदार आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ती तुम्हाला ठाऊक आहे.

इथे आपल्यातल्याच एका सवयीबद्दल बोलायला हवे. नोंदणी करताना अशिलाच्या ई-मेलच्या रकान्यात आपण स्वतःचा पत्ता घालतो. 'पार्टीला मेल बघता येत नाही' हे कारण, आणि ते पुष्कळदा खरे. पण पन्नास-साठ जणांचे टपाल एकाच इनबॉक्सात पडू लागले की कोणाचे कोणते ते विषयाच्या ओळीवरून कळत नाही. उद्या त्यातला एखादा अशील दुसऱ्या सल्लागाराकडे गेला आणि पत्ता बदलायचा राहिला, तर त्याची नोटीस तुमच्याकडे येत राहते. तुम्ही ती बघत नाही, नवा सल्लागार वाट बघतो आणि मुदत आपल्या गतीने संपते. अशिलाचा स्वतःचा पत्ता काढून द्या, आणि त्या पत्त्याचे टपाल आपल्याकडे वळते होण्याची सोय त्याच्या लेखी संमतीने करा. मग मेलच्या कार्यक्रमात प्रत्येक अशिलाचे फोल्डर आणि एक फिल्टर. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते लांबणीवर टाकण्यात आपण वर्षे घालवतो.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मदतनिसाच्या संगणकावर मेलचे खाते पॉप पद्धतीने जोडले होते. या पद्धतीत मेल सर्व्हरवरून संगणकात उतरते, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर तिकडून पुसली जाते. खूण नव्हती. मी घरून इनबॉक्स बघायचो, तो रिकामा दिसायचा, आणि मी खूश. पुढे त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत जवळपास दोन वर्षांचे टपाल. दुरुस्तीवाल्याला बोल लावून उपयोग नव्हता, चूक माझी होती. ऑफिसात एकाहून जास्त संगणक असतील तर आयमॅप पद्धतच हवी. तिच्यात मूळ टपाल सर्व्हरवर राहते आणि सगळ्यांना एकच चित्र दिसते. पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यायची ती घ्यायचीच.

अशिलाचे कागद आपल्याकडे विश्वासाने आलेले असतात, म्हणून आणखी एक गोष्ट. विंडोजमधले मेल आणि कॅलेंडर हे साधे अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस बंद झाले आणि त्या जागी नवे आउटलुक आले. हे नवे आउटलुक तुमचे बाहेरचे आयमॅप खाते जोडताना टपालाची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही ठेवते. ते चालेल की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. मला चालत नाही, म्हणून मी थंडरबर्डकडे वळलो. त्यातही एक खोच आहे. पुसलेली मेल फाइलमधून लगेच जात नाही, फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जाते. संगणक विकायला काढण्याआधी हे लक्षात असू द्या.

कॅलेंडर हा खरा रसाचा विषय, आणि तिथे आपण सगळेच घाई करतो. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी. दरमहा येणारी नोंद एकदा लावली की संपले, असे वाटते. पण आपल्या तारखा इतक्या सरळ नाहीत. मार्चमध्ये कापलेला टीडीएस ७ एप्रिलला नव्हे तर ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. टीडीएसची तिमाही विवरणे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि मग ३१ मे. 'दर तीन महिन्यांनी' असा नियम लावलात तर कॅलेंडर एप्रिलचा शेवट शोधत बसेल. त्यातून ३१ तारखेचे स्वतःचे एक त्रांगडे. 'दर महिन्याच्या ३१ ला' असे लावले तर आउटलुक तीस दिवसांच्या महिन्यात ती नोंद महिन्याच्या शेवटच्या दिवशी दाखवते. आयकॅलेंडरच्या प्रमाणानुसार चालणारे कार्यक्रम मात्र तो महिना गुपचूप गाळतात. सूचना नाही, काही नाही. म्हणून तिमाहीच्या चार तारखा चार वेगळ्या वार्षिक नोंदी म्हणून लावाव्यात. कंटाळवाणे आहे, पण चुकत नाही.

मग मुदतवाढ. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या ३बी ची मूळ तारीख २० ऑक्टोबर, म्हणजे नेमकी नरक चतुर्दशी. ती ऐन तोंडावर २५ ऑक्टोबर झाली. अशा वेळी नोंद ओढून पुढे नेताना कार्यक्रम विचारतो, हीच एक नोंद बदलायची की सगळी मालिका? घाईत 'सगळी मालिका' दाबलेत, तर नोव्हेंबरपासून तुमचे कॅलेंडर दरमहा २५ तारीख दाखवत राहील, आणि विलंब शुल्काची पहिली पावती येईपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. माझी रीत अशी, की मूळ नोंदीला हातच लावायचा नाही. मुदतवाढीची वेगळी नोंद करायची आणि तिच्या टिपणात अधिसूचनेचा क्रमांक लिहायचा.

नोटिशीची मेल उघडल्यावर थंडरबर्डमध्ये उजव्या बटणाने तिची थेट नोंद किंवा कार्य करता येते, आणि आउटलुकमध्ये ती कॅलेंडरवर ओढून टाकली की मजकुरासह नोंद तयार होते. हाच तो लाल शाईचा रकाना. आठवण मात्र शेवटच्या दिवसाची लावू नका. अशिलाकडून कागद मागवायला चार दिवस, तो ते शोधणार चार दिवस, त्यातले निम्मे चुकीचे निघणार. उत्तराची तारीख तीस दिवसांवर असेल तर माझी पहिली आठवण तिसऱ्या दिवशी वाजते. थंडरबर्डमध्ये एका नोंदीला अनेक आठवणी लावता येतात. जुन्या आउटलुकमध्ये एकच, तिथे दोन नोंदी कराव्यात.

आणि घर? आपल्या व्यवसायात घरची तारीख नेहमी ऑफिसच्या तारखेखाली दबते. ३० सप्टेंबर म्हणजे लेखापरीक्षण अहवाल, आणि पितृपंधरवडा बहुधा सप्टेंबरातच येतो. घरचे खरे सामायिक कॅलेंडर म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कालनिर्णय. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुटी, सगळे त्यावर. ते उतरवून संगणकात घाला असा आग्रह मी घरी एकदा धरून पाहिला आणि सोडून दिला. त्याऐवजी उलटे केले. गुढीपाडव्याच्या आसपास अर्धा तास बसून भिंतीवरच्या महत्त्वाच्या गोष्टी मी माझ्या कॅलेंडरात उतरवतो. श्राद्धतिथी इंग्रजी तारखेला बांधलेली नसते, त्यामुळे वार्षिक पुनरावृत्तीचा नियम तिथे चालत नाही. दर वर्षी पंचांग बघूनच ती लावावी लागते. घर आणि ऑफिस ही दोन कॅलेंडरे वेगळी आणि वेगळ्या रंगात, पण पडद्यावर एकत्र. घरच्यांना ऑफिसच्या कॅलेंडरातले फक्त 'व्यग्र' एवढेच दिसू द्या. अशिलाचे नाव आणि नोटिशीचे कलम जेवणाच्या टेबलावर पोहोचायचे कारण नाही.

ज्यांचे अशील किंवा मुले अमेरिकेत आहेत त्यांनी बैठकीची वेळ नोंदवताना काळपट्टा तिकडचा निवडावा. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची वेळ आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० असते आणि हिवाळ्यात ७:३०. त्यांची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात. काळपट्टा बरोबर असेल तर हिशेब कॅलेंडर करते, आपण करायला गेलो की तासभर आधी जाऊन बसतो.

या महिन्याची २० तारीख उलटली की एक संध्याकाळ काढा. प्रत्येक अशिलाच्या जीएसटी आणि प्राप्तिकर पोर्टलवर कोणाचा ई-मेल पत्ता नोंदलेला आहे हे एका कागदावर उतरवा. त्यात तुम्ही सोडलेल्या ऑफिसचा, गेलेल्या मदतनिसाचा किंवा बंद पडलेला एखादा पत्ता सापडला, तर तो त्याच आठवड्यात बदला.