शब्दविचार : ‘जवळ’

वाचकहो, ‘जवळ’ हा शब्द आपण दिवसांतून वीस वेळां उच्चारतों. त्याचें स्वरूप मात्र क्वचितच न्याहाळतों. ‘देऊळ घराजवळ आहे’ यांत तो अंतर सांगतो, ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’ यांत स्वामित्व, ‘ते आमचे जवळचे’ यांत नातें. आणि ‘जवळजवळ पन्नास पानें’ असा द्विरुक्त होतांच पन्नास न भरल्याची कबुली देतो! संस्कृतांत हें काम ‘उप’ हा उपसर्ग करितो. गंगेच्या समीप तें ‘उपगंगम्’.

ह्या ठिकाणीं ‘किती जवळ?’ असें कोणी विचारीत नाहीं. खेळाच्या नियमास मात्र तें विचारावेंच लागतें. फुटबॉलमधील ऑफसाइडचा नियम पाहा. सोबत्यानें चेंडू मारिला त्या क्षणीं, प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानांत, जो गडी त्यांच्या गोलरेषेस चेंडूहून आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या गड्याहून अधिक जवळ असतो, तो ऑफसाइड स्थानीं होय. येथें ‘जवळ’ नव्हे, ‘अधिक जवळ’ हे शब्द निर्णायक. त्या दुसऱ्या गड्याच्या बरोबरीत उभें राहणें पूर्वीं दोषास्पद असे. १९९० सालीं तें निर्दोष ठरलें.

हा भेद मला एका विद्यार्थ्यानें शिकविला. १९९३ सालीं शाळेच्या एका सामन्यांत मी पंच होतों. अखेरच्या मिनिटास एका मुलानें गोल केला. चेंडू त्याच्याकडे निघाला तेव्हां तो शेवटून दुसऱ्या गड्याच्या अगदीं रेषेंत होता. मीं जुन्या माहितीवर शिटी वाजविली.

‘‘गुरुजी, मी जवळ होतों, पण त्याच्याहून जवळ नव्हतों,’’ तो काकुळतीनें म्हणाला.

मीं त्यास उद्धट ठरविलें. एका गोलानें त्याचा संघ हरला. महिन्याभरानें नवें नियमपुस्तक हातीं आलें आणि मी खजील झालों. दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत मीं त्याची क्षमा मागितली. तो हंसला, पण हरलेला सामना कांहीं परत आला नाहीं.

‘निकट, निकटतर, निकटतम’ असा तरतमभाव मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला होता. मैदानांत तो समोर उभा राहिला, तेव्हां मला ओळखतां आला नाहीं. म्हणून घरांतील मुलें ‘जवळ’ म्हणतील तेव्हां ‘कशाच्या?’ आणि ‘कोणाहून?’ हे दोन प्रश्न त्यांस अवश्य विचारावे. आणि निवाडा करण्यापूर्वीं आपणही ते स्वतःस विचारावे.