पाळणा लांबवायचा कुणी?

मुसलमानांची पोरे मोजणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. निवडणूक आली की मोजणी सुरू. त्यांना एवढेच सांगावे की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ झाली. पण आज आमचे भांडण त्यांच्याशी नाही, आमच्याच घराशी आहे. मुले कमी झाली. ती केव्हा व्हावीत हे बाईने ठरवावे, ही गोष्ट मात्र अजून उंबऱ्याबाहेरच उभी आहे.

एक मूल अंगावर पीत असतानाच दुसऱ्याचे दिवस जातात. सासू म्हणते, अल्लाची देन. सुरे बकरात पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याची गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. सहाबा अझल करीत आणि त्यांना मनाई झाली नाही, हे हजरत जाबिर यांच्या हदीसमध्ये आहे. इमाम गझालींनी बायकोचा जीव आणि रूप जपण्यासाठीही ते चालते असे लिहिले. हनफी फिक्हने अझलला अट घातली, तीही बायकोच्या संमतीची! आमच्याकडे तांबी बसवायची तर संमती लागते नवऱ्याची. सरकारी नियमात ती अट नाही. ती आम्ही लावली. जुम्म्याच्या बयानात यातले किती येते?

सरकारही धुतल्या तांदळासारखे नाही. १९७६-७७ मध्ये ६० लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, त्यात जबरदस्ती किती हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच मंजूर केले होते. त्या धाकाने पुरुष निसटले आणि ऑपरेशन बायकांच्या पोटावर आले. २०१९-२१ च्या पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली, पुरुषांची ०.३ टक्के. पण ऑपरेशनने पाळणा बंद होतो, लांबत नाही. कायमचे बंद करणे आमच्यातल्या अनेकींना हराम वाटते. मग ऑपरेशन नको, म्हणजे काहीच नको.

मधली साधने आहेत. अंतरा इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, छाया गोळीही. मग बायका दुसऱ्या इंजेक्शनला का येत नाहीत? अंतराने पाळीचे वेळापत्रक बिघडते, अधूनमधून डाग पडतात. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरते. त्यात नमाज सुटते, रमजानचे रोजे राहतात, अन् एका खोलीच्या घरात सासूपासून जावेपर्यंत सगळ्यांना कळते. अशा अवेळी रक्तस्रावाला शरियतमध्ये इस्तिहाजा हे वेगळे नाव आहे, त्यात नमाज आणि रोजा माफ नाही, वजू करून नमाज पढता येते. नर्सबाईंना हे माहीत नसणे समजू शकते. मदरशात आलिमा होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना माहीत आहे, पण त्यांना दवाखान्यात कुणी बोलावत नाही.

आणि निरोध? तो औषधाच्या दुकानात मिळतो. आणायला बाईने जावे, अशी आमच्या भाईजानांची अपेक्षा दिसते.