डोंगरातले एखिनोस

या महिन्यात आम्ही वाचकांना ग्रीसमधल्या एका मुस्लिम गावाची ओळख करून देत आहोत. देशाच्या ईशान्येला, बल्गेरियाच्या सीमेजवळ, रोडोपी पर्वतात एखिनोस हे गाव आहे. तुर्की बोलणारे त्याला शाहीन म्हणतात. झांथी हे जवळचे शहर दक्षिणेला आहे. या भागात सपाट जमीन कमी, त्यामुळे उतारावर तंबाखू पिकवायचा आणि तो पुरला नाही की जर्मनीसारख्या देशांत मजुरीला जायचे, असा इथला संसार.

गावकरी पोमाक मुसलमान आहेत. घरात बल्गेरियनच्या जवळची पोमाक भाषा, तर मुलांच्या अल्पसंख्याक शाळेत ग्रीक आणि तुर्की. गावात मदरसाही आहे.

१९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी धर्म पाहून लोकसंख्येची अदलाबदल केली. लाखो लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. पश्चिम थ्रेसचे मुसलमान आणि इस्तंबूलचे ग्रीक ख्रिस्ती मात्र यातून वगळले गेले. म्हणूनच एखिनोसची माणसे आपल्या जागी राहिली.

पण जागी राहणे सोपे नव्हते. शीतयुद्धात हा डोंगरी पट्टा निर्बंधित क्षेत्र होता. वाटेवर नाकी होती, ये-जा करायला परवाना लागे. १९९५ मध्ये हे निर्बंध उठले. नागरिकत्वाच्या कायद्यातले १९ वे कलम आणखी जाचक होते. ग्रीक वंशाचा नसलेला माणूस परत न येण्याच्या इराद्याने देशाबाहेर गेला असे ठरले, की त्याचे नागरिकत्व जाई. १९५५ ते १९९८ या काळात सुमारे ६० हजार लोकांनी ते गमावले. त्यांत बहुतेक थ्रेसचे मुसलमान होते.

अशा गावाची लोकसंख्या किती, हा प्रश्न साधा नाही. ग्रीसमध्ये कायम राहणारे वेगळे मोजतात आणि नगरपालिकेच्या नोंदवहीत नाव असलेले वेगळे. संसदेच्या जागा मतदारसंघांना वाटताना नोंदवहीतला आकडा धरतात. म्हणजे पोटासाठी दूर गेलेला माणूसही गावच्या हिशेबात राहतो.

२०११ पासून देशभरच्या स्थानिक संस्था एकत्र करून ३२५ नगरपालिका केल्या गेल्या. त्यात मिकी, कोतिली, सात्रेस आणि थेर्मेस यांची मिळून एक मिकी नगरपालिका झाली. एखिनोस तिच्यात येते. तिचे मुख्य ठाणे स्मिंथी गावी आहे.

निकाह, तलाक आणि वारसा यांचे निवाडे इथे मुफ्ती करत आले आहेत. मुफ्तींची नेमणूक सरकार करते, आणि त्यावरून समाजात जुना वाद आहे. २०१८ च्या कायद्याने दोन्ही पक्ष राजी असतील तरच प्रकरण मुफ्तींकडे जाते, नाहीतर दिवाणी न्यायालयात. वारशाच्या वाट्यासाठी झगडणाऱ्या बायकांना याचा मोठा आधार झाला.

ज्या घरांतली माणसे परदेशी आहेत, त्यांना एखिनोसची कहाणी वेगळी समजावून सांगायला नको. माणूस कुठेही असो, गावच्या दप्तरातले त्याचे नाव जपायला हवे.