नव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

१८८० साली अल्जीरियात काम करणारे फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फाँस लावराँ यांनी एका रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी प्रथम पाहिले. आज झटपट चाचण्या उपलब्ध असल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचे महत्त्व टिकून आहे. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरवायचा, तो रंगवायचा आणि एकेक भाग निरखत जायचे, हे काम डोळ्यांची कसोटी पाहणारे आहे. पावसाळ्यात काचपट्ट्यांचा ढीग साचतो, तंत्रज्ञ थकतो आणि थकलेली नजर चुकते. त्यामुळे पेशींची छायाचित्रे घेऊन त्यांचे विश्लेषण संगणकाकडे सोपविण्याचा प्रयत्न स्वागतार्हच म्हटला पाहिजे. यंत्राला थकवा नाही.

मात्र अशा यंत्रांची महती सांगताना अचूकतेची जी टक्केवारी पुढे केली जाते, ती नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने खुला केलेला एक चित्रसंग्रह या विषयाचे अनेक संशोधक वापरतात. बांगलादेशातील चितगाव वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाला स्मार्टफोन जोडून त्यातील छायाचित्रे घेण्यात आली. संग्रहात २७,५५८ पेशी असून बाधित व निरोगी पेशी प्रत्येकी १३,७७९ आहेत. संगणकाला शिकविण्यासाठी अशी समान वाटणी सोयीची असते. रुग्णाच्या रक्तात मात्र ती नसते. तेथे शेकडो, कधी हजारो निरोगी पेशींमागे एखादीच बाधित पेशी आढळते.

साधा हिशेब करून पाहावा. निरोगी पेशी ओळखण्यात एखादे यंत्र ९९ टक्के अचूक आहे असे मानले, तर पूर्णपणे निरोगी माणसाच्या १०,००० तांबड्या पेशी तपासल्यावर ते सुमारे १०० पेशी बाधित ठरवील. रंगाचा एखादा कण किंवा तांबड्या पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेटही परजीवीसारखी भासू शकते. हे टाळण्यासाठी यंत्राचे निकष कडक केले, तर रक्तात थोडेच परजीवी असलेला खरा रुग्ण निसटण्याचा धोका वाढतो. फाल्सिपॅरम प्रकारच्या हिवतापात उपचारांना झालेला विलंब प्राणांवर बेतू शकतो.

म्हणूनच यंत्राची परीक्षा सुट्या पेशींवर न होता रुग्णांवरून व्हावी. किती आजारी सापडले, किती निसटले आणि किती निरोगी विनाकारण रुग्ण ठरले, हे तिने सांगितले पाहिजे. शिवाय यंत्र जेथे बसवायचे, तेथीलच काचपट्ट्यांवर ती घेतली जावी. गडचिरोली असो वा कोरापुट, प्रत्येक ठिकाणचा रंग, प्रकाश आणि सूक्ष्मदर्शक वेगळा असतो. एका प्रयोगशाळेत शिकलेले यंत्र दुसरीकडे गोंधळू शकते.

बँकेत आकडेमोड संगणक करतो, तरी मोठ्या व्यवहाराला जबाबदार अधिकाऱ्याची मंजुरी लागतेच. प्रयोगशाळेतही हाच शिरस्ता असावा. यंत्राने संशयास्पद पेशी निवडून पुढे ठेवाव्यात. त्या पाहून निर्णय प्रशिक्षित माणसाने द्यावा. यंत्र आले म्हणून तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात काटकसर करणे तर मुळीच परवडणारे नाही. रक्ताचा थर नीट पसरविला नसेल किंवा रंग बिघडला असेल, तर ती काचपट्टी यंत्रालाही धडपणे वाचता येत नाही.